भिंतीवरची जिवती आली कुठून?

आषाढाची अवस जवळ आली की अकोला-अमरावतीच्या बाजारात पूजेच्या दुकानांवर जिवतीचे कागद दिसू लागतात. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरं घेतलेल्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. आपण तो कागद भिंतीला चिकटवतो, आघाडा-दुर्वांची माळ घालतो, श्रावणातल्या शुक्रवारी लेकरांना ओवाळतो. भटजी लागत नाही, देऊळ लागत नाही.

देव असा कागदावर घरी आणायची रीत दूर युरोपातही होती. सहाशे वर्षांपूर्वी तिथं लाकडावर चित्र कोरून, शाई लावून संतांचे कागद छापत. १४२३ साल असलेलं संत क्रिस्टोफरचं चित्र अजून जपून ठेवलेलं आहे. त्याचं मुख पाहिलं की त्या दिवशी वाईट मरण येत नाही, असं त्यावर छापलंय. बाळंतपणात अडलेल्या बाईच्या पोटावर संत मार्गारेटची पोथी ठेवत. लेकराच्या जिवाची धास्ती तिथंही हीच.

आपल्याकडे १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये राजा रविवर्मांनी जर्मन यंत्रं आणून मुंबईत छापखाना काढला. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. शाई चित्राला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. एकेका रंगाला वेगळा दगड. अशा छपाईतून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, गोऱ्यापान अन् जरीच्या लुगड्यात. निंदणाला जाणारी आपली आजी काही तशी दिसत नव्हती!

ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांनाही कागदावरचा देव विकत घेता येत होता. पण कागदानं देऊळ उघडलं नाही. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत परिषद भरवावी लागली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घरातही एक पायरी आहे. जिच्या पोटी लेकरू नाही किंवा जिचा नवरा गेला, तिला जिवतीच्या पूजेत मागं सारतात. आम्हाला हे पटत नाही. कागद विकणारा तर कुणालाच काही विचारत नाही. मागं सारतो त्या आपणच, बायाच.

कुणाच्या पेटीत आजीच्या वेळचा देवाचा कागद असेल, तर खालच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे का पाहा. गटाच्या पुढच्या बैठकीला तो घेऊन या, आणि येताना शेजारच्या त्या मागं राहणाऱ्या बाईलाही सोबत आणा.