'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' : निर्मिती, आक्षेप आणि प्रेक्षकस्वीकार (१९८३-२०२५)

प्रस्तावना

चित्रपट किती आठवडे चालला, गल्ला किती जमला, पारितोषिके कोणती मिळाली, या मोजमापांवरच भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे बरेचसे लेखन आजवर उभे राहिले आहे. ही मोजमापे लावली तर १९९२ मध्ये पूर्ण झालेला 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' हा भारतीय व जपानी कलावंतांनी मिळून घडविलेला ॲनिमेशनपट इतिहासातून जवळजवळ नाहीसाच होतो. भारतात त्या काळी त्याचे व्यापक प्रदर्शन झाले नाही. तरीही नव्वदच्या दशकात व त्यानंतर वाढलेल्या शहरी व निमशहरी मुलांच्या एका मोठ्या वर्गाला रामकथा प्रथम दिसली ती याच चित्रपटातून. चित्रपटगृहाबाहेर घडलेला हा स्वीकार कसा झाला, तसेच त्याआधी या चित्रपटावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांचे स्वरूप काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे प्रश्न केवळ एका चित्रपटाचा नाही. एखाद्या समाजाची कथा पडद्यावर कोणी, कोणत्या माध्यमातून आणि कोणाच्या संमतीने मांडावी, हा वाद त्यात गुंतलेला आहे.

पत्रापासून पडद्यापर्यंत

जपानी माहितीपटकार युगो साको १९८३ मध्ये भारतात आले ते 'द रामायण रेलिक्स' या माहितीपटाच्या कामासाठी. पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांनी त्या वेळच्या अलाहाबादजवळ केलेल्या उत्खननाचा हा माहितीपट होता. त्याची बातमी इंग्रजी वृत्तपत्रात आली. त्या बातमीवरून एक परदेशी मनुष्य रामायणावरच चित्रपट काढीत आहे असा समज झाला, आणि विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे निषेधाचे पत्र धाडले. रामायण हा भारताचा थोर राष्ट्रीय वारसा आहे. परकीयाने मन मानेल तसे त्याचे चित्रपटीकरण करू नये, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे गैरसमज दूर झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या चित्रपटाविरुद्ध निषेध नोंदविला गेला तो चित्रपट त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. दरम्यान साको रामायणात खोल शिरले, जपानी भाषेतील त्याच्या अनेक आवृत्त्या त्यांनी वाचून काढल्या आणि चित्रपटाचा प्रस्ताव स्वतःच मांडला. आक्षेप घेणाऱ्या संघटनेने त्याला संमती दिली. भारत सरकारने मात्र सहनिर्मितीस नकार दिला. विषय अतिशय नाजूक आहे, तो कार्टूनच्या रूपात दाखविता येणार नाही, अशी शासनाची भूमिका होती. अयोध्येचा वाद त्या वर्षांत उत्तरोत्तर तीव्र होत चालला होता, ही पार्श्वभूमीही विसरता येत नाही.

परिणामी चित्रपटाचे बहुतांश काम जपानमध्ये झाले. निप्पॉन रामायण फिल्म या नावाने संस्था उभी करण्यात आली आणि १९९० मध्ये प्रत्यक्ष निर्मितीस प्रारंभ झाला. सुमारे ४५० कलावंत व एक लाखाच्या आसपास हस्तचित्रे असा या कामाचा आवाका सांगितला जातो. दिग्दर्शनात साको यांच्यासमवेत कोइची सासाकी व राम मोहन यांची नावे आहेत. संगीत वनराज भाटिया यांचे. मूळ आवृत्ती इंग्रजी संवादांची असून तीतील गीते संस्कृतात ठेवण्यात आली, ही निवड विशेष आहे. संवाद जगाच्या बाजारपेठेच्या भाषेत आणि गीते कथेच्या मूळ भाषेत, अशी ही विभागणी होती.

राम मोहन यांच्या सहभागामुळे या चित्रपटाचा धागा मुंबईशी जुळतो. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून फिल्म युनिटमध्ये ते १९५६ मध्ये दाखल झाले. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले, आणि भारतातच जन्मलेले, क्लेअर वीक्स हे तेथे प्रशिक्षक होते. त्या युनिटचा १९५७ चा 'द बनियन डिअर' हा लघुपट जातककथेवर आधारलेला असून त्याची चित्रशैली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांकडे पाहून घडविलेली आहे. म्हणजे परदेशी तंत्र आणि देशी रेषा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न साको यांच्या आगमनापूर्वी पाव शतकाहून अधिक काळ आधीच मुंबईत झाला होता. शासनाच्याच एका विभागाने भारतीय कथा ॲनिमेशनमध्ये आणली होती आणि पुढे त्याच शासनाला ते माध्यम रामकथेसाठी अयोग्य वाटले. हा विरोधाभास आजवर पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

'कार्टून' या शब्दाची अडचण

शासनाच्या नकारामागे राजकीय सावधगिरी होती, तसाच एक शब्दही होता. मराठीत 'कार्टून'ला रूढ प्रतिशब्द 'व्यंगचित्र' असा आहे. 'व्यंग' म्हणजे उणीव, दोष. ज्या चित्रप्रकाराच्या नावातच उणे दाखविण्याचा अर्थ आहे, त्यात देवाची आकृती बसविणे म्हणजे त्याची टवाळी करणे, असे सामान्य वाचकाला वाटले तर त्यात नवल नाही. वृत्तपत्रातील राजकीय टीकाचित्र आणि पडद्यावर हालणारे चित्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली आल्या आणि एकीचे ओझे दुसरीला वाहावे लागले.

रेखाटलेला आणि हालणारा राम भारतीय प्रेक्षकाला परका मात्र कधीच नव्हता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा याची साक्ष देते. चित्रांची पोथी पुढ्यात ठेवून, एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगावयाचे, अशी ती पद्धत. त्याच समाजात चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. तेथे राम रेषेतून आणि सावलीतून प्रकट होतो आणि त्यात कोणाला उणेपणा जाणवत नाही. चित्रकथीला 'कार्टून' म्हटले गेले नाही, एवढाच काय तो फरक. पुढे राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातून, जे १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे गेले, देवतांचे छापील चेहरे घराघरांत पोहोचले. १९६७ पासून अमर चित्र कथेने तेच चेहरे चौकटींत मांडले. १९८३ मध्ये ज्याला विरोध झाला ती देवाची प्रतिमा खचितच नव्हे. अपरिचित हात आणि अपरिचित शब्द यांविषयीची ती धास्ती होती.

साको यांचे या संदर्भातील प्रतिपादन नेमके उलट दिशेचे होते. राम हा देव असल्यामुळे त्याला नटापेक्षा चित्रातूनच दाखविणे योग्य, असे त्यांचे मत होते. नटाला त्याची स्वतःची ओळख असते, त्याच्या अन्य भूमिका असतात. चित्राला दुसरे आयुष्य नसते. या युक्तिवादाचे वजन दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन'कडे (१९१७) पाहिले म्हणजे कळते. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या व प्रेक्षकांनी दोन्ही श्रद्धेने स्वीकारल्या. श्रद्धा नटाच्या मर्यादा झाकून घेते हे खरे. परंतु साको यांना ती झाकावीच लागू नये असे वाटत होते. गंमत अशी की, हिंदी आवृत्तीत रामाला आवाज दिला तो दूरदर्शनच्या मालिकेतील राम अरुण गोविल यांनीच. रावणाचा आवाज अमरीश पुरी यांचा. 'मिस्टर इंडिया'तील (१९८७) मोगॅम्बो ज्यांच्या कानांत घुमत होता, त्या प्रेक्षकांना लंकेचा राजा आधीच ओळखीचा झाला. नटाला दाराबाहेर ठेवण्यासाठी निवडलेल्या माध्यमात नट असा आवाजाच्या वाटेने परत आला.

धोतर, नमस्कार आणि सीता

सांस्कृतिक प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने या चित्रपटाचा एक विशेष वारंवार सांगितला जातो. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांकडून मुले आशीर्वाद कसा घेतात, अशा बारीकसारीक गोष्टी भारतीय कलावंतांनी जपानी चित्रकारांना समजावून दिल्या. पात्रांचे चेहरे व डोळे यांवर जपानी शैलीची छाप स्पष्ट आहे. देहबोली मात्र भारतीय राहावी असा कटाक्ष दिसतो. त्याच सुमारास आलेल्या डिस्नेच्या 'अलादिन'शी (१९९२) तुलना केल्यास या काळजीचे मोल ध्यानात येते. त्या चित्रपटाच्या आरंभगीतातील अरब समाजाला रानटी ठरविणाऱ्या ओळींविरुद्ध अमेरिकेतील अरब संघटनेने आवाज उठविला आणि १९९३ मध्ये व्हिडिओ आवृत्तीसाठी गीतातील काही शब्द बदलावे लागले. तेथे दुरुस्ती प्रदर्शनानंतर झाली. साको यांच्या चित्रपटात ज्यांची कथा आहे त्यांचा हात निर्मितीतच होता.

असे असले तरी या काळजीची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. वस्त्राच्या निऱ्यांबाबत जी दक्षता घेतली गेली, ती कथेतील अवघड प्रसंगांबाबत घेतलेली दिसत नाही. चित्रपट रावणवधानंतर राम-सीतेच्या पुनर्भेटीकडे व अयोध्येतील आगमनाकडे वळतो. अग्निपरीक्षा त्यात नाही, उत्तरकांडही नाही. कुटुंबासह पाहावयाच्या चित्रपटाची ही गरज होती असे समर्थन करता येईल. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणाच्या पुस्तकांतही पुष्कळदा असेच घडते. परंतु गाळणे हाही अर्थ लावण्याचाच एक प्रकार आहे. रामानंद सागर यांच्या मालिकेचा (जानेवारी १९८७ ते जुलै १९८८) अनुभव येथे बोलका आहे. मालिका उत्तरकांडाआधीच संपणार असे दिसताच १९८८ मध्ये जालंधर व अन्य शहरांत वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप पुकारला. ज्या भागात वाल्मीकी ऋषी स्वतः पात्र म्हणून येतात तोच भाग वगळला जाणे त्यांना मान्य नव्हते. पुढील मालिका त्यानंतर आली. म्हणजे रामायणाचा 'प्रेक्षक' एकजिनसी नव्हता. एका गटाला काय दाखविले जाते याची चिंता होती, तर दुसऱ्याला काय दाखविले जात नाही याची. दूतावासाला पत्र लिहिणाऱ्यांनी संपूर्ण समाजाच्या वतीने लिहिले. साफसफाई थांबविणारा समाजही तेच रामायण आपले मानत होता. साको यांच्या चित्रपटावरील चर्चेत या दुसऱ्या प्रेक्षकाला जागा मिळाली नाही.

घरातला प्रेक्षक

जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्ली येथील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला. बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेली होती आणि मुंबई त्या जानेवारीत दंगलींनी होरपळत होती. अशा वेळी रामाच्या नावाचा चित्रपट, तोही परदेशी सहभागाचा, चित्रपटगृहांत लावण्यास कोण धजावणार होते? चित्रपटाला जे प्रदर्शन लाभले नाही त्याचे कारण त्याच्या गुणदोषांत शोधणे व्यर्थ आहे. अमेरिकेत तो लांबी कमी करून, 'द प्रिन्स ऑफ लाइट' या नावाने, जेम्स अर्ल जोन्स यांच्या निवेदनासह २००१ मध्ये आला. तेथेही त्याचा फार गाजावाजा झाला नाही.

भारतात त्याला वाट सापडली ती दूरचित्रवाणीची. कार्टून नेटवर्क वाहिनी भारतात १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढील वर्षांत तिच्यावर हा चित्रपट पुनःपुन्हा दाखविला गेला. 'कार्टून' या शब्दापायी ज्याला नकार मिळाला होता तो चित्रपट 'कार्टून' हेच नाव धारण करणाऱ्या वाहिनीवरून घरात आला आणि कोणी हरकत घेतली नाही. दशकभरात शब्दाचा अर्थ पालटला होता. मुलांसाठी 'कार्टून' म्हणजे टवाळी उरली नव्हती. शाळेतून आल्यावर पाहावयाची गोष्ट असा त्याचा अर्थ झाला होता.

घरातील श्रवण-दर्शनाला महाराष्ट्रात एक जुने उदाहरणही आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते आठवड्यागणिक प्रसारित झाली आणि रेडिओ हे काही काळ कीर्तनाचे स्थान झाले. तेथे श्रोता ठरलेल्या वेळी, सहकुटुंब, एकाग्रतेने बसत असे. उपग्रह वाहिनीवरचा बालप्रेक्षक तसा नव्हता. तो मध्येच उठत असे, जाहिराती पाहत असे, अर्ध्यावर सोडलेला भाग पुढच्या खेपेला पुरा करीत असे. एकाच प्रयोगातून नव्हे, तर आवर्तनातून चित्रपट त्याच्या स्मरणात बसला. अशा प्रेक्षणाची नोंद कोणत्याही तिकीटबारीवर होत नाही. म्हणूनच या चित्रपटाच्या इतिहासासाठी वाहिन्यांचे कार्यक्रमपत्रक, घरगुती चित्रफिती आणि त्या पिढीच्या मौखिक आठवणी ही साधने महत्त्वाची ठरतात. महाविद्यालयांतून आज शिकविणाऱ्या अनेकांकडेच ती उपलब्ध असतील.

पुनर्प्रदर्शन

दरम्यान देशी ॲनिमेशनने चित्रपटगृह जिंकले होते. व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' २००५ मध्ये प्रदर्शित झाला व चांगला चालला. पौराणिक पात्राला बालरूपात, खोडकर दाखविण्यास प्रेक्षकांनी आनंदाने मान्यता दिली. त्यानंतर बालहनुमान, बालगणेश आदींची रांगच लागली. साको यांच्या रामात जो गंभीर, संयत भाव आहे तो या नव्या प्रवाहात मागे पडला, असे म्हणावे लागते.

अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' सुधारित चित्रप्रतीसह भारतातील चित्रपटगृहांत आला. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषा जाहीर झाल्या होत्या. मराठीचा समावेश त्यांत नव्हता. हिंदीचे ध्वनिमुद्रण नव्याने करण्यात आले. १९८३ मध्ये परक्याच्या हाती पडण्याची भीती असलेली कथा चार दशकांनंतर त्याच परक्याच्या रेषांत भारतीय प्रेक्षकाची स्वतःची बालपणीची ठेव म्हणून परतली. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या 'महावतार नरसिंह' या संपूर्ण भारतीय ॲनिमेशनपटाने उत्पन्नाचे आधीचे विक्रम मोडले. देवाला ॲनिमेशनमध्ये दाखवावे की नाही, हा प्रश्न तेव्हा चर्चेतही नव्हता. युगो साको २०१२ मध्ये आणि राम मोहन ऑक्टोबर २०१९ मध्ये निवर्तले होते. आपल्या चित्रपटाचे भारतातील हे व्यापक प्रदर्शन दोघांपैकी कोणालाही पाहता आले नाही.