संगीतिका : नाट्यगृहाविना संगीत नाट्य

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आजवर बहुतांशी नाट्यगृहांचा आणि नाटकमंडळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या संगीत नाट्याला रंगमंचच नव्हता, त्या लघु संगीतिकेच्या वाट्याला त्यात एखादे परिशिष्टच येते. हे योग्य आहे काय, याचा निर्णय करण्यासाठी प्रथम प्रेक्षक कोठे होता हे पाहणे अगत्याचे आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे पडदे, पोशाख, साजिंदे असा मोठा सरंजाम घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांचे दौरे मुख्यतः लोहमार्गावरील शहरांतून होत. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) लोहमार्ग १८७८ साली पोहोचला. शेजारच्या बीड जिल्ह्यातील कडा या गावी मात्र आगगाडी आली ती नगर-आष्टी मार्ग सुरू झाल्यावर, २३ सप्टेंबर २०२२ रोजी. शिवाय १९४८ पर्यंत कडा हैदराबाद संस्थानात, तर नगर मुंबई इलाख्यात होते. अशा गावांतील श्रोता संगीत नाट्याला पारखा होता असे नव्हे. कीर्तनातील आख्यान, गोंधळ आणि तमाशातील वग यांतून कथा, संवाद व गायन यांचा संगम त्याच्या परिचयाचा होता. दूर राहिले होते ते नाट्यगृह.

याच नाट्यगृहाच्या संदर्भात १९२७ सालातील दोन घटना लक्षणीय ठरतात. १७ जुलै रोजी जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे हिंडेमिट, वाइल, मियो व टॉख या चार रचनाकारांच्या नव्या लघु संगीतिका एकाच संध्याकाळी सादर झाल्या; त्यांतील मियोची तर दहा मिनिटांच्या आतच आटोपते. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ जुलैला, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. या दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. तथापि पहिल्या घटनेने संगीतिकेचा विस्तार आटोपशीर होऊ शकतो हे दाखविले, तर दुसरीने प्रेक्षागृहाची अट दूर करण्याची शक्यता निर्माण केली. १९३९ साली अमेरिकेतील एन.बी.सी. या नभोवाणी संस्थेने मेनोत्तीकडून खास ध्वनिक्षेपणासाठी संगीतिका लिहवून घेतली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

मराठीत हा संगम बा. सी. मर्ढेकरांच्या लेखनात आढळतो. मर्ढेकर १९३८ पासून नभोवाणीच्या सेवेत होते. ‘कर्ण’ (१९४४), ‘संगम’ (१९४५), ‘औक्षण’ (१९४६) व ‘बदकांचं गुपित’ (१९४७) या त्यांच्या चार संगीतिका. ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चाच, हे ध्यानात घेतले म्हणजे या रचना नवकाव्याच्या ऐन घडणीच्या काळातील आहेत हे स्पष्ट होते. संगीत नाटकात गद्य थांबते व पद सुरू होते. संगीतिकेत संवादच गेय असतो. नभोवाणीवर तर नेपथ्य नाही, अभिनय नाही, ‘वन्समोअर’ही नाही, पात्र, स्थळ व काळ यांचा सारा भार आवाजावर पडतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयसंबंधांत कलाकृतीचे सौंदर्य पाहणाऱ्या समीक्षकाला केवळ शब्द आणि नाद यांवर उभा असलेला हा प्रकार जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच होय.

ध्वनिलहरींना संस्थानची सीमा अडवीत नव्हती. परंतु यावरून कड्यासारख्या गावाचे अंतर मिटले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ग्रहणयंत्राची किंमत, परवान्याचे शुल्क आणि वीज नसलेल्या गावी लागणारी बॅटरी हे नवे अडसर होते. पूर्वीचा अडथळा प्रवासाचा होता, नंतरचा ऐपतीचा. एकच यंत्र चारजणांत ऐकले गेले तर तो अडसरही काही अंशी दूर होई.

या प्रकाराचे मूल्यमापन करताना खरी अडचण निराळीच आहे. मर्ढेकरांच्या संगीतिका आज ग्रंथरूपाने वाचता येतात. पण ग्रंथात केवळ शब्द आहेत, स्वर नाहीत. छापील पानावरून त्यांना काव्य म्हणून उणे लेखणे म्हणजे नाटकाची संहिता वाचून प्रयोगावर निकाल देण्यासारखे आहे. म्हणून संशोधकाने संहितेबरोबरच कार्यक्रमपत्रिका, स्वरलेखन आणि श्रोत्यांच्या आठवणी शोधावयास हव्यात. आणि हा शोध पुण्या-मुंबईपुरता मर्यादित ठेवता कामा नये. ज्या कलेला नाट्यगृह नव्हते, तिचा इतिहास केवळ नाट्यगृहांच्या शहरांत सापडणार नाही.