कांबळीवरून कुर्डुवाडीत

तारीख १३ मार्च १९९६, बुधवार. कुर्डुवाडीला गाडीतून उतरल्या उतरल्या तुमच्या ध्यानात येतं की बार्शी लाईट अजून चालू आहे. मोठ्या लाईनच्या पलीकडे अडीच फुटी रुळांवर बुटके डबे उभे आहेत. लातूरला जाणारी माणसं पिशव्या खिडकीतून आत टाकून जागा धरताहेत, पंढरपूरची एक म्हातारी गाडी कुठली लागली म्हणून सगळ्यांना विचारत फिरतेय. मोबाईल खिशातच राहू द्या, इथं त्याला रेंज नाही आणि कुणाला दाखवाल तर खुळ्यात काढतील.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात गर्दी आहे. फळीवरच्या टीव्हीवर दूरदर्शन, टीव्हीखाली गुणगुणणारा स्टॅबिलायझर. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य लढत चालली आहे. श्रीलंकेच्या २५१ धावा झाल्यात आणि आपली एक बाद ९८. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे, पण तोंड उघडू नका. चहा घ्या आणि मागच्या बाकावर बसा.

जयसूर्याच्या चेंडूवर तेंडुलकर ६५ वर यष्टिचीत होतो, तेव्हा हॉटेलवाला भजी तळता तळता थांबतो. तिथून पुढं घसरगुंडी. १२० धावांवर आठ बाद. स्टँडमध्ये कागद पेटतात, मैदानात बाटल्या येतात. सामनाधिकारी क्लाईव्ह लॉइड सामना श्रीलंकेला देऊन टाकतात. १० धावांवर नाबाद असलेला विनोद कांबळी रडत पॅव्हेलियनकडे चालू लागतो.

"रडतंय बघ आता," बाकावरचे आबा म्हणतात. धोतर, पटका, तालमीत मोडलेले कान. "कानात बाळी घालून खेळायला आलं होतं न्हवं?"

"आबा, तो तर नाबाद आहे. आउट झाले ते बाकीचे," रेल्वे वर्कशॉपमधला तरणा फिटर उसळतो.

"बाळीचा आणि बॅटीचा काय संबंध?" दुसरा कुणीतरी विचारतो. याच वादासाठी तुम्हाला एवढ्या लांब आणलंय. वाद कशाचा आहे ते कळायला मात्र तीन वर्षं मागं जावं लागेल.

फेब्रुवारी १९९३. हॉटेल तेच, फळी तीच, आबाही तेच, फक्त मूड वेगळा. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींतून मुंबई नुकती कुठं सावरतेय आणि वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध कसोटी आहे. एकवीस वर्षांचा डावखुरा पोरगा फिरकी आली की पुढं सरसावतो. बॅटच्या मुठीवर त्यानं रबरी ग्रिपांचे एकावर एक थर चढवलेत, मूठ मनगटाएवढी जाड दिसते. २२४ धावा होतात. भारत एक डाव आणि १५ धावांनी जिंकतो. पुढच्या कसोटीत, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध, २२७. नंतर कोलंबोत १२५ आणि पुन्हा कोलंबोतच १२०. सात कसोट्यांत चार शतकं, त्यातली दोन द्विशतकं.

आता आबांच्या शेजारी बसून ऐका. "पोरगं शड्डू ठोकून खेळतंय," ते खुशीत सांगताहेत. बाळीबद्दल चकार शब्द नाही. उलट गल्लीतली दोन-तीन पोरं आरशासमोर उभी राहून तसाच भांग पाडताहेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण तीन वर्षांनी हीच बाळी आरोपपत्रात पहिल्या ओळीवर असणार आहे.

तुम्ही काळात फिरताच आहात, तर दोन उड्या जास्तीच्या मारू. पहिली सोपी आहे: फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान. शाळांच्या हॅरिस शिल्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेची दोन पोरं ६६४ धावांची भागीदारी करून थांबायला तयार नाहीत. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. त्यातला विनोद कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किटबॅग सांभाळत येतो. त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर स्टंपवर नाणं ठेवतात आणि म्हणतात, बाद करील त्याचं.

दुसरी उडी लांबची. ३० सप्टेंबर १९९५, वेल्समधलं कार्डिफ. उघड्या मैदानात बॉक्सिंगचं रिंग आहे आणि बिबट्याच्या कातडीसारखी चड्डी घातलेला एकवीस वर्षांचा पोरगा दोन्ही हात खाली सोडून स्टीव्ह रॉबिन्सनसमोर नाचतोय. हा नसीम हमीद, शेफील्डचा, आईबाप येमेनचे. वरच्या दोरीवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरणं ही त्याची खूण. आठव्या फेरीत तो डब्ल्यूबीओचा फेदरवेट किताब घेतो. सात वर्षांचा असल्यापासून तो ब्रेंडन इंगल या आयरिश वस्तादाकडे शिकला. त्यांच्या जिमच्या जमिनीवर रेषा आखलेल्या असत आणि पोरांनी त्या रेषांवरून पाय टाकायला शिकायचं. आचरेकरांचं नाणं नि इंगलच्या रेषा, दोन्हींची जात एकच. गर्दीतून पोरगं निवडायचं, त्याला शिस्तीत घोटायचं आणि मग त्याचा नखरा मोडायचा नाही.

कार्डिफनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, कटकला न्यूझीलंडविरुद्ध कांबळी आपली सतरावी कसोटी खेळतो. ती शेवटची ठरते. वय २३, सरासरी ५४.२०.

आता १९९६ च्या त्या रात्री परत या. वाद तापलाय. आबांचा मुद्दा सोपा आहे: "शड्डू ठोकणारा पैलवान वाईट न्हाई. शड्डू ठोकून पडणारा वाईट." फिटर आकडे काढतो: "आठवड्यापूर्वी कानपूरला तीन बाद ३२ असताना १०६ कुणी केल्या?" कोपऱ्यातले गुरुजी इतका वेळ गप्प होते, ते आता बोलतात. १९९४ च्या वेस्ट इंडिज मालिकेत काय झालं ते सांगतात. वॉल्श आणि केनी बेंजामिन बरगडीवर उसळणारे चेंडू टाकत होते आणि त्या उंचीवर कांबळीकडे उत्तर नव्हतं. "बाळी सोडा, आबा. चेंडू इथं येत होता," असं म्हणून ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात.

माझं मत गुरुजींच्या बाजूचं आहे, पण पुरतं नाही. उसळता चेंडू ही त्याची खरी कमजोरी होती, हे मान्य. पण त्या मालिकेनंतर त्याला कसोट्या मिळाल्या फक्त तीन. छातीवरचा चेंडू खेळायला शिकणं हे महिन्यांचं नव्हे, हंगामांचं काम. बेशिस्तीच्या गोष्टी खऱ्या असतीलही, पण नुसत्या रंगढंगामुळे तो बुडाला हे मला पटत नाही. त्याच रंगढंगाच्या जोरावर तो पुढं सरसावून खेळत होता. १९९४ मध्ये शारजात शेन वॉर्नच्या एका षटकात त्यानं २२ धावा कुटल्या, त्या काय मान खाली घालून कुटल्या? हमीदचंही तेच. हात खाली असल्यामुळेच समोरच्याचा अंदाज चुके, आणि पाय नसतील तिथून ठोसा येई. या दोघांचा नखरा बाजूला काढला, तर खाली उरणारा खेळाडू दुसराच कुणीतरी असतो.

आणखी पुढं चला. २९ ऑक्टोबर २०००, शारजा. अंतिम सामन्यात श्रीलंका भारताला ५४ धावांत गुंडाळते. कांबळीचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. पाच महिन्यांनी, ७ एप्रिल २००१ ला, लास व्हेगासमध्ये मेक्सिकोचा मार्को अँतोनियो बारेरा हमीदला बारा फेऱ्या संयमानं झोडतो. घाई करत नाही, नाचाला भुलत नाही. हमीदची ती आयुष्यातली एकमेव हार. इंगलना त्यानं १९९८ मध्येच सोडलं होतं. हारीनंतर तो आणखी एकच लढत लढला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी रिंगबाहेर गेला. ३७ लढती, ३६ विजय, ३१ नॉकआउट. इंग्लंडात अजून भांडतात: थोर होता, की मोठा मासा गळाला लागला तेव्हा दोरीच तुटली? २०१५ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तरी भांडण मिटलं नाही. फरक एवढाच की हमीद स्वतःच्या पायांनी निघाला. कांबळीला पुन्हा कसोटीच्या दारात उभं केलं नाही.

आता तुमच्याच काळात या. ३ डिसेंबर २०२४, शिवाजी पार्क, आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण. मंचावर थकलेला कांबळी सचिनचा हात हातात धरून ठेवतो. कुर्डुवाडीत फलाटावर चार पोरं तो व्हिडिओ मोबाईलवर बघताहेत. १९९६ मध्ये ती जन्मलीही नव्हती.

"दारूनं घालवला," एक जण निकाल देऊन मोकळा होतो.

तुम्ही त्याला विचारा, कटकच्या कसोटीनंतर कांबळी फक्त २३ वर्षांचा होता हे त्याला ठाऊक आहे का. तो शोधतो आणि स्क्रीनवर आकडे येतात: १७ कसोट्या, १०८४ धावा, चार शतकं, ५४.२०.

"मग काढला कशाला?" तो विचारतो.

"शॉर्ट बॉल, भावा. वेस्ट इंडिजवाल्यांनी उघडा पाडला," दुसरा सांगतो.

"एवढ्यावरून? तीन कसोट्या देऊन?"

पहिला अजून दारूवरच अडून बसलाय. तिसरा २२४ चा व्हिडिओ शोधतोय. पंढरपूरची गाडी लागल्याची घोषणा होते. चौघं बॅगा उचलतात आणि भांडत भांडत डब्यात चढतात.