निर्देशिका प्रतिकृतीकरण, संगणक जाळ्यांतील
संगणक जाळ्यातील यंत्रे, वापरकर्ते व त्यांचे अधिकार यांच्या नोंदींच्या सुव्यवस्थित संचाला निर्देशिका म्हणतात. एखाद्या संस्थेची कार्यालये निरनिराळ्या गावी असली, तर निर्देशिका एकाच ठिकाणी ठेवणे धोक्याचे ठरते. कारण मधला दळणवळण मार्ग तुटल्यास दूरच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना जाळ्याला आपली ओळख पटविता येत नाही. म्हणून तिच्या प्रती ठिकठिकाणी ठेवतात. या प्रती एकमेकींशी जुळत्या ठेवण्याच्या क्रियेस प्रतिकृतीकरण म्हणतात. नव्या नोंदी सर्वत्र पोहोचविण्यापेक्षा जुन्या नोंदी सर्वत्र पुसणे अधिक अवघड असते, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्यातील यंत्रांची नावे व पत्ते असलेली एकच यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील माहिती केंद्रात ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर या केंद्राच्या प्रमुख होत्या. इतर ठिकाणचे व्यवस्थापक ही यादी वेळोवेळी उतरवून घेत. यंत्रे वाढत गेली तसा केंद्रावरील भार वाढला व उतरवून घेतलेली प्रत लवकर शिळी होऊ लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या क्षेत्रनाम पद्धतीत ही जबाबदारी विभागण्यात आली. प्रत्येक विभागाच्या मूळ प्रतीला अनुक्रमांक असतो. दुय्यम सर्व्हर ठराविक काळाने तो तपासतो व तो वाढलेला आढळल्यास नवी माहिती घेतो. बदल फक्त मूळ प्रतीतच होत असल्याने परस्परविरोधी नोंदी उद्‌भवत नाहीत. मात्र मूळ प्रत असलेले यंत्र बंद पडल्यास बदल करता येत नाहीत.

कोणत्याही प्रतीत बदल करता यावा, हा प्रयत्न झेरॉक्स कंपनीने १९८०च्या सुमारास ग्रेपव्हाइन व नंतर क्लिअरिंगहाउस या प्रणालींत केला. बदलांची वार्ता संगणकीय टपालाने इतर प्रतींना कळविली जाई. ती कधीकधी हरवत असल्याने सर्व्हर आपली प्रत यदृच्छया निवडलेल्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहत. क्लिअरिंगहाउसचे सर्व्हर काहीशे होते व १९८६च्या सुरुवातीस प्रती जुळविण्यासाठी होणाऱ्या या वाहतुकीचाच जाळ्यावर मोठा भार पडू लागला. ॲलन डेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, वार्तेचा प्रसार साथीच्या रोगाप्रमाणे होतो असे मानून तिचे गणित मांडले. जवळच्या सर्व्हरांची निवड अधिक वेळा केल्यास मार्गांवरील सरासरी वाहतूक पाव हिश्श्याहून कमी, तर अटलांटिकपार दूरध्वनी मार्गांवरील वाहतूक सु. एक-तिसांश होते, असे त्यांना आढळले.

नोंद पुसण्याचा प्रश्न याच निबंधात स्पष्ट झाला. एका प्रतीतून नोंद नुसती काढून टाकली, तर दुसरी प्रत तिला ‘राहून गेलेली’ समजून परत पाठविते. यावर उपाय म्हणून पुसलेल्या नोंदीच्या जागी कालनोंद असलेला मृत्यूचा दाखला ठेवतात. परंतु असे दाखले कायमचे साठविता येत नाहीत आणि ते लवकर टाकून दिल्यास दीर्घकाळ तुटलेली प्रत मृत नोंद पुन्हा जिवंत करते.

२००० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ही तत्त्वे कार्यालयीन व्यवहारात आली. तीत एका स्थळातील प्रती त्वरेने, तर दोन स्थळांमधील प्रती वेळापत्रकानुसार व माहिती संक्षेपित करून जुळवितात. स्थळांमधील हा अवधी मुळात ३ तासांचा असून वेळापत्रकाने तो १५ मिनिटांपर्यंत कमी करता येतो. मुख्यालयात बंद केलेले बडतर्फ कर्मचाऱ्याचे खाते तेवढा वेळ शाखेत चालू राहू शकते. पुसलेल्या नोंदीचा दाखला प्रथम ६० दिवस व पुढील आवृत्त्यांत १८० दिवस ठेवण्यात येऊ लागला. त्याहून अधिक काळ संपर्काबाहेर राहिलेला सर्व्हर तसाच जोडू नये, असा नियम आहे. त्यामुळे सर्वांत दूरची शाखा किती काळ तुटून राहू शकेल, याचा अंदाज घेऊनच ही मुदत ठरवावी लागते.