पत्ता निसटला तर? गो कंपायलरच्या एका छोट्या टेस्टची गोष्ट

आजच्या भागात ना राजे, ना लढाया. आज गो भाषेच्या कंपायलरवर पहारा देणाऱ्या एका छोट्या टेस्टबद्दल बोलूया.

आधी जुनं दुखणं. सी भाषेत फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, बाहेर दिला की घात होतो. फंक्शन संपलं की स्टॅकवरची ती जागा दुसऱ्याच कामाला लागते. भाडेकरू खोली सोडून गेला, पण लोक अजून त्याच पत्त्यावर सामान पाठवतायत, असं समजा.

2009 मध्ये गूगलच्या रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी घडवलेली गो भाषा जगासमोर आली. तिथे असा पत्ता बिनधास्त बाहेर देता येतो, कारण ते व्हेरिएबल हीपवर जातं आणि गार्बेज कलेक्टर ते सांभाळतो. पण सगळंच हीपवर टाकलं तर प्रोग्राम मंदावतो. म्हणून 2011 मध्ये कंपायलरमध्ये एस्केप अ‍ॅनालिसिस आलं. कुठला पत्ता निसटतो आणि कुठला नाही, हे कोड वाचूनच ठरवायचं.

खरी गोम पुढे आहे. पॉइंटर अ‍ॅटॉमिक पद्धतीने, म्हणजे मधली अर्धवट अवस्था कुणालाही दिसू न देता, बदलणारी फंक्शन्स गोच्या रनटाइममध्ये आहेत. काही प्रोसेसरवर ती असेंब्लीत लिहिलेली आहेत, आणि असेंब्लीच्या आत कंपायलरला दिसत नाही. प्रोग्रामर 'नोएस्केप' अशी खूण करून हमी देऊ शकतो. कंपायलर ती डोळे झाकून मानतो. पण पॉइंटर साठवणाऱ्या फंक्शनवर ही खूण केली तर? ज्या जागेत साठवायचं तिचा पत्ता निसटत नाही, हे खरं. पण जो नवा पॉइंटर साठवतोय, तो तर निसटतोच! आणि खूण दोघांनाही लागू होते. म्हणून तिथे ती मुद्दाम करत नाहीत.

टेस्ट नेमकं हेच तपासते. कंपायलरला आपले निर्णय छापायला लावायचं आणि प्रत्येक ओळीशेजारच्या कॉमेंटमधल्या अपेक्षित उत्तराशी ते ताडून बघायचं. प्रोग्राम चालवायची गरजच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो त्यातला 'बॅड' हा शेरा. कंपेअर-अँड-स्वॅपमध्ये जुनी किंमत फक्त तुलनेसाठी असते. ती निसटायला नको. पण कंपायलर ती निसटते म्हणाला, तरी टेस्ट 'बॅड' म्हणत चालवून घेते. नवी किंमत मात्र हीपवर गेलीच पाहिजे, तिथे सूट नाही. का? पहिल्या चुकीत थोडा वेग जातो. दुसरीत मेमरी बिघडते, आणि प्रोग्राम भलतीकडेच, भलत्याच वेळी कोसळतो.

2019 मध्ये गो 1.13 सोबत एस्केप अ‍ॅनालिसिस नव्याने लिहिलेलं आलं. कोड असा मुळापासून बदलतो, तेव्हा कुठली चूक परवडते आणि कुठली नाही, हे लक्षात ठेवायला अशाच टेस्ट लागतात.

भेटूया पुढच्या भागात!