मालवणी बोली : परक्या कानांना ऐकू येणारी

सिंधुदुर्ग जिल्ह्याची बोली. जुन्या अभ्यासग्रंथांत तिचे नाव 'कुडाळी' असे आढळते. मालवण बंदराचे नाव बोलीला नेमके कधी चिकटले हे बाजूला ठेवले, तरी जिल्ह्याबाहेर आज 'मालवणी' हेच नाव चालते. मुंबईत मालाडजवळ मालवणी नावाची वस्ती आहे, ती वेगळी. या नोंदीत बोलीचे समग्र व्याकरण दिलेले नाही. ही बोली ज्यांच्या घरात नाही त्यांना ती कशी ऐकू येते आणि तशी का ऐकू येते, एवढाच विषय येथे घेतला आहे.

मुंबई-पुण्याकडचा माणूस मालवणीचे वर्णन चार शब्दांत करतो : नाकातली, हेल काढणारी, भांडखोर आणि विनोदी. यांपैकी पहिल्या दोन शब्दांना ध्वनींचा आधार आहे. उरलेले दोन ऐकणाऱ्याने बाहेरून आणलेले आहेत. ही विभागणी ध्यानात न घेतल्यामुळे मालवणीवर फार अन्याय झाला आहे.

क्षेत्र : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्ग हे त्याचे आठ तालुके. बोली सर्वत्र एकसारखी नाही. उत्तरेकडे देवगड-वैभववाडीत तिला रत्नागिरीकडचे वळण लागते, दक्षिणेकडे दोडामार्ग-बांद्यात गोव्याचे. तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्याची मालवणी आणि पलीकडच्या पेडणे तालुक्यातली कोकणी यांचे इतके सख्य आहे, की तरीतून उतरणाऱ्याला भाषा बदलल्याचे पटकन कळत नाही. गंमत अशी, की हीच बोली दादर-परळात 'कोकणी' म्हणून ऐकली जाते आणि मडगावात 'मराठी' म्हणून.

ध्वनी : 'नाकातली' हा शेरा मुख्यतः अनुनासिकांमुळे मिळतो. खंय, थंय, हंय (कुठे, तिथे, इथे) ही स्थळवाचक अव्यये दर दोन-चार वाक्यांनी येतात आणि त्यांतला अनुस्वार पुरता वाजतो. नपुंसकलिंगी रूपेही तशीच : ह्यां घर माझां, तां झाड मोठां. लिहिताना कोणी हा अनुस्वार देतो, कोणी गाळतो. तोंडात मात्र तो असतो. प्रमाण मराठीतले 'माझे' पूर्वी 'माझें' असे लिहिले जाई. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न उरलेले असे अनुस्वार लेखनातूनही काढून टाकले. मालवणी तोंडात त्यांच्यातला एक मोठा गट आजही शाबूत आहे. पुण्याच्या कानाला जो नाकातला दोष वाटतो, तो त्याच्याच पणज्याच्या पोथीत टिंबाने लिहिलेला असे. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते मालवणीच्या नादाविषयी सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

दुसरे कारण व्याकरणाचे, पण ते कानावाटेच जाणवते. मालवणीत पुरुषही 'मी जातंय' म्हणतो आणि बाईही 'मी जातंय' म्हणते. तो जाता, ती जाता, तां जाता : क्रियापद तेच राहते. 'जातो-जाते' या भेदावर वाढलेल्या माणसाला वाटते, की समोरचा लिंग चुकतो आहे. 'जातंय' हे रूप प्रमाण बोलण्यात मूल, कुत्रे, मांजर यांना लागते. म्हणून थोराड मिशांचा गडी स्वतःबद्दल 'मी जातंय' म्हणाला, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. बोलणाऱ्याने विनोद केलेला नसतो. त्याने फक्त आपल्या भाषेचे क्रियापद चालवलेले असते.

तिसरी गोष्ट द्वित्ताची. 'तू खंय गेल्लंस?' हा प्रश्न जवळून ऐकण्यासारखा आहे. प्रमाण मराठीत 'तू कुठे गेला होतास?' असे शब्द मोकळे पडतात. मालवणीत 'होतास' गळतो, त्याचा सारा भार 'ल'वर येतो, तो 'ल' दुप्पट होतो आणि वाक्य संपता संपता हेल वर चढतो. दुप्पट व्यंजन आणि चढता शेवट ही प्रमाण मराठीत रागाची लक्षणे. म्हणून आई मुलाला मायेने विचारते आहे, तरी पाहुण्याला वाटते, आता पोराला मार बसणार. इल्लंय, गेल्लंय, खाल्लंय अशा रूपांनी भरलेली साधी गजाल, म्हणजे गप्पा, शेजारच्या खोलीतून भांडणासारखी ऐकू येते.

मोठ्या आवाजाचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण समुद्राशी जोडलेले असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना किनाऱ्यावर दोन्ही दोरांपाशी माणसे उभी असतात, मध्ये लाटांचा आवाज, तेव्हा स्वर लांबवल्याशिवाय हाक पोचत नाही, आणि मासेमारी करणाऱ्या गाबीत वस्तीत तीच सवय घरात शिरली, असे सांगतात. रापणीवर उभे राहिलेल्या कोणालाही हे पटेल. पण कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात, जिथे लाटेचा आवाज पोचत नाही, तिथेही हेल हाच आहे. तेव्हा हे स्पष्टीकरण अर्धेच धरावे.

गाऱ्हाणे : मालवणी गंभीर कशी ऐकू येते हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने देवळातले गाऱ्हाणे ऐकावे. नारळ-विडा ठेवलेला असतो. गुरव किंवा गावचा मानकरी हात जोडून उभा राहतो आणि देवाला म्हाराजा म्हणून साद घालतो. मग एका दमात, फारसा चढ-उतार न करता, तो घरातल्या माणसांची नावे, आलेली अडचण, केलेला नवस, झालेली चूक, मागायचे ते मागणे असे सारे बोलत जातो. प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसे एकस्वराने 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाक्याच्या शेवटी स्वर खाली उतरतो. हे संस्कृत नसते, प्रमाण मराठीही नसते; देवाशी बोलायची भाषा रोजचीच मालवणी असते. तेच अनुनासिक, तेच 'आसा' आणि 'नाय', पण कोणी हसत नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याबरोबर पहिल्यांदा गावी आलेला मुंबईचा मित्रही तिथे आपोआप चपला काढून मागे उभा राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला त्याच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघतो.

रंगभूमी : मालवणी म्हणजे विनोद, हे समीकरण प्रथम घरातच मांडले गेले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर रचतात. त्यात राजे, ऋषी आणि देव ग्रांथिक मराठी बोलतात. पूर्वरंगात काळ्या वेषात येणारा, वेद पळवणारा संकासुर मात्र मालवणीत बोलतो आणि हशा पिकवतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशा मंडळ्यांच्या खेळांना जत्रांतून रात्र रात्र बसणाऱ्या गावकऱ्यांनी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली : थोरवी ग्रांथिक भाषेची, गंमत आपल्या भाषेची. बाहेरच्यांनी मालवणीला हसायला सुरुवात करण्याआधी मालवणी माणूस स्वतःच्या संकासुराला हसत होता, फरक इतकाच की तो राजालाही तितकाच ओळखत होता.

हीच वाटणी गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने १९८० साली मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर आणली. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचे पौराणिक नाटक बसवतात, पौराणिक थाटात सुरू झालेले वाक्य अर्ध्यावर मालवणीत घसरते, आणि त्या घसरण्यात सगळे नाट्य. मच्छिंद्र कांबळी यांनी तात्या सरपंच रंगवला. सुरुवातीचे प्रयोग पडेल चालले होते, पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून मनापासून दाद दिली, ती जाहिरातीत गेली आणि मग नाट्यगृहे भरू लागली, अशी हकिकत नाट्यवर्तुळात सांगितली जाते. पुढे प्रयोगसंख्या पाच हजारांपलीकडे गेली. नाटक लंडनलाही गेले. त्या प्रवासाची कथा गवाणकरांनी 'व्हाया वस्त्रहरण' या पुस्तकात लिहिली आहे. २०१६ साली ठाण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

कांबळी यांच्या 'भद्रकाली प्रॉडक्शन्स'ने त्यानंतर 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा', 'येवा, कोकण आपलाच असा' अशी नाटके दिली. यांतल्या शेवटच्या नाटकाचे नाव पुढे पर्यटनाच्या फलकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि गाड्यांच्या काचांवर गेले. मालवणीचा एक शब्दही न येणाऱ्याला हे चार शब्द येतात. ३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी यांचे निधन झाले.

'वस्त्रहरण'चे श्रेय दुहेरी आहे. गिरणगावात लाजून प्रमाण मराठी बोलणारा चाकरमानी शिवाजी मंदिर नाट्यगृहात आपली भाषा मोठ्याने ऐकून सुखावला. मुलांसमोर मालवणी बोलायचा संकोच अनेक घरांतून त्या काळात कमी झाला. आणि याच नाटकाने उरलेल्या महाराष्ट्राच्या कानाला शिकवले, की मालवणी सुरू झाली म्हणजे हसायचे. त्यानंतर चित्रपटांत, मालिकांत, स्नेहसंमेलनांत मालवणी बोलणारा गडी बहुधा विनोदासाठीच आला. दोष नाटकाचा नाही. नाटक उत्तम होते, म्हणूनच त्याचा ठसा इतका खोल उमटला. त्याच्या तोडीचे गंभीर मालवणी नाटक तितक्या लोकांपर्यंत पोचले नाही.

साहित्य : जयवंत दळवी (आरवली), चिं. त्र्यं. खानोलकर (कुडाळ-वेंगुर्ले परिसर), मधु मंगेश कर्णिक (करूळ) यांच्या लेखनात निवेदन बहुतांशी प्रमाण मराठीत आणि मालवणी संवादांपुरती. कवितेत महेश केळुसकर यांनी मालवणीला विनोदापलीकडचा सूर दिला. खानोलकरांच्या 'कोंडुरा'वर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, तो हिंदी व तेलुगूत. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याचा आवाज त्यात अर्थातच आला नाही.

शिव्या : मालवणी म्हणजे शिव्या, हा समज फार दूरवर पसरला आहे. 'मेल्या' ही मित्राला मारलेली हाक आहे. 'घो' किंवा 'घोव' म्हणजे नवरा. बाईने आपल्या नवऱ्याविषयी बोलताना वापरायचा घरगुती शब्द. 'आवशीचो घो' या उद्गाराचा शब्दशः अर्थ आईचा नवरा, म्हणजे बापच. २०१० साली महेश मांजरेकर यांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या चित्रपटाच्या नावावरून वाद झाला, तेव्हा एकच शब्द दोन कानांना कसा वेगळा ऐकू येतो हे सगळ्या राज्याला दिसले. एका बाजूला तो असभ्य, दुसऱ्या बाजूला आजीच्या तोंडचा.

दूरचित्रवाणी : फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत झाले. कोकणाची प्रतिमा भुताखेतांची होते, असे आक्षेप घेतले गेले. मालिका तरीही चालली, तिची आणखी दोन पर्वे निघाली आणि आकेरीचा वाडा पाहायला माणसे येऊ लागली. तिच्यातली मालवणी सर्वांना कळेल इतपत पातळ केलेली होती. पण या नोंदीच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट घडली : ज्या हेलाला छत्तीस वर्षे हसण्याची सवय लागली होती, तोच हेल अंधाऱ्या पडवीतून आला आणि प्रेक्षकाला भीती वाटली. माधव अभ्यंकर यांचे अण्णा नाईक मालवणीत दटावतात तेव्हा कोणाला तात्या सरपंच आठवत नाही.

शिक्षण : शाळेचे माध्यम प्रमाण मराठी.

वर्गीकरण : ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुडाळी ही कोकणीखाली येते आणि कोकणी मराठीखाली. अ. मा. घाटगे यांनी 'कुडाळी'चा अभ्यास (१९६५) मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत प्रसिद्ध केला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, आणि जनगणनेत 'मालवणी' ही नोंद कोकणीच्या गटात दाखवली जाते. सिंधुदुर्गातले बहुतेक लोक मातृभाषा म्हणून मराठी सांगतात. मालवणी मराठीची की कोकणीची, या वादात येथे अधिक शिरण्याचे कारण नाही.

तुलना : परक्या कानांनी बदनाम केलेली जगातली सर्वांत प्रसिद्ध भाषा जर्मन. ती कठोर, हुकमी वाटते असे सर्रास म्हटले जाते. चार्ली चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये (१९४०) खोकल्या-खाकरण्याची बनावट जर्मन बोलून ते चित्र पक्के केले, आणि युद्धपटांनी ते पुढे चालवले. त्याआधी, १८८० साली, मार्क ट्वेनने जर्मन व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली. पण आवाजाबद्दल त्याचे म्हणणे उलट होते. लढाई, स्फोट, वादळ यांचे जर्मन शब्द इंग्रजीपुढे फारच मऊ पडतात, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे दोन महायुद्धांपूर्वीच्या एका कानाला जी भाषा मिळमिळीत वाटली, तीच नंतरच्या कानांना कवायतीसारखी वाटली. शुबर्टच्या गीतांवर वाढलेल्या श्रोत्याला तर तीच भाषा हळवी वाटते.

भाषेची गोडी आवाजात असते की ऐकणाऱ्याच्या समजात, हे प्रयोगानेही तपासले गेले आहे. १९७४ मध्ये जाइल्स, ट्रडगिल आणि सहकारी संशोधकांनी ग्रीक न जाणणाऱ्या इंग्रजांना अथेन्सची आणि क्रीट बेटाची ग्रीक ऐकवली. ग्रीसमध्ये अथेन्सची बोली प्रतिष्ठेची; ऐकणाऱ्यांना मात्र तिच्यात अधिक गोडवा काही सापडला नाही. २०२३ मध्ये अनिकिन आणि सहकाऱ्यांनी ८२० श्रोत्यांना २२८ भाषांचे आवाज ऐकवले, तेव्हा भाषाभाषांतल्या गोडीचा फरक नगण्य निघाला. ओळखीची वाटणारी भाषा तेवढी लोकांना थोडी अधिक आवडली. मालवणीवर असा प्रयोग करायचा झाल्यास श्रोते महाराष्ट्राबाहेरचे निवडावे लागतील. महाराष्ट्रात 'वस्त्रहरण' न ऐकलेला कान मिळणे कठीण.

ध्वनिमुद्रणे : डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली सर्वेक्षणात गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. रंगमंचासाठी न सजवलेली, घराच्या खळ्यात बसून बोलली जावी तशी बोली अशा मुद्रणांतून ऐकता येते. गाऱ्हाण्यांची हौशी मुद्रणे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. त्यांतली बरीच विनोदी म्हणून चढवलेली आहेत आणि सुरुवातीच्या सादेनंतर लगेच हशा ऐकू येतो.