विकिपीडियावर गावाचं नाव बदलतं तेव्हा: अहमदनगर ते अहिल्यानगर

३१ मे २०२३ रोजी चौंडीत तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरला अहिल्यादेवी होळकरांचं नाव देण्याची घोषणा केली. राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च २०२४ मध्ये मिळाली आणि अधिकृत बदल झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे मध्ये जवळपास दीड वर्ष गेलं. अशा काळात बातमीत 'होणार' असतं आणि विकिपीडियाच्या लेखात कुणीतरी 'झालं' करून टाकतं. दुसरा ते काढतो, पहिला परत घालतो. यालाच संपादन युद्ध म्हणतात.

लेखाचं शीर्षक बदलणं तसं सोपं आहे. त्याला स्थानांतरण म्हणतात. जुन्या नावावर पुनर्निर्देशन ठेवलं की 'अहमदनगर' टाइप करूनही तुम्ही नव्या पानावर पोचता. खरी डोकेदुखी आतल्या मजकुराची.

समजा कुणी उत्साहात सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारलं. मग चांदबिबी १५९५ मध्ये अहिल्यानगरचा किल्ला लढवायला लागते, आणि अहिल्यादेवींचा जन्म तर १७२५ चा! निजामशाही 'अहिल्यानगरची' होते. फोटोच्या फाइलचं नाव बदललं गेलं की फोटो दिसेनासा होतो, संदर्भाच्या लिंकमधला शब्द बदलला की लिंक उघडत नाही. मग वैतागून कुणीतरी सगळंच उलटवतो, आणि आजच्या जिल्ह्याचं नावही जुनं होऊन बसतं. दोघांनाही आपणच लेख वाचवतोय असं वाटत असतं.

निकाल कसा लागतो? तुम्ही तिथे राहता की नाही, याला किंमत नाही. छापील किंवा तपासता येईल असा संदर्भ लागतो. एसटी स्टँडवरची पाटी तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, तरी तेवढ्यावर भागत नाही. (आम्ही जन्मभर नुसतं 'नगर' म्हणतोय, त्याला संदर्भ कुठून आणायचा?) इंग्रजी विकिपीडियावर तर शीर्षकासाठी सरकारी नावापेक्षा इंग्रजी स्रोतांमध्ये रुळलेलं नाव पाहतात. त्यामुळे राजपत्र दाखवलं तरी वाद मिटेलच असं नाही. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर तिथे तुम्हाला ब्लॉक करू शकतात. नियम चांगला आहे, पण तो भांडण थांबवतो, चूक नाही. शेवटी ज्याच्याकडे जास्त वेळ, त्याचं वाक्य टिकतं, असं बऱ्याचदा होतं.

मराठी विकिपीडिया मे २००३ पासून आहे, पण नियमित लिहिणारे इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडे. त्यामुळे भांडणं कमी होतात, पण चुकाही कुणाच्या नजरेला न पडता राहून जातात. त्यात नव्या माणसाचं पहिलंच संपादन कारण न सांगता उलटवलं, की तो परत फिरकत नाही.

म्हणून जिल्ह्याबद्दल काही उचलण्याआधी लेखाच्या वरचा 'इतिहास' टॅब उघडा. तारखेनुसार कोणी काय बदललं ते दिसतं, आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तुलनाही करता येते. स्वतः दुरुस्ती करणार असाल तर एका वेळी एकच बदल करा, सारांशाच्या रकान्यात कारण लिहा, आणि १९४२ मध्ये नेहरूंना ठेवलं होतं तो किल्ला त्या वाक्यात 'अहमदनगरचा'च राहू द्या.